१९७२ ते २०२३ : एल निनो आला, पाऊस गेला?

१९७२चा दुष्काळ महाराष्ट्राने खडी फोडून आणि सुकडी खाऊन काढला. त्याच वर्षी तिकडे पेरूच्या किनाऱ्यावर अँचोव्ही मासळीचा धंदा बसला. बेसुमार मासेमारीचाही त्यात हात होता, पण प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी पूर्वेकडे तापलं होतं, म्हणजेच एल निनो आला होता, हे दोन्हीकडचं सामाईक कारण.

एरवी व्यापारी वारे हे उबदार पाणी इंडोनेशियाच्या बाजूला रेटून ठेवतात. तिथे हवा वर चढते, ढग जमतात. वारे मंदावले की ऊब आणि ढग दोन्ही पूर्वेला सरकतात आणि आपल्या डोक्यावर हवा चढण्याऐवजी खाली बसू लागते. बसत्या हवेत पाऊस धरत नाही. १९०४ साली भारतीय हवामान खात्याची सूत्रं घेतलेले केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या आकडेवारीतून प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका शोधला होता. त्याची समुद्राच्या तापण्याशी पक्की सांगड घातली ती याकोब बियर्कनेस यांनी, १९६९मध्ये. पुढे आपल्याकडे सरळ समीकरण रूढ झालं: एल निनो म्हणजे दुष्काळ.

१९९७ने ते मोडलं. विसाव्या शतकातल्या सर्वांत जबर एल निनोंपैकी एक प्रशांतात ठाण मांडून होता, आणि भारतात पाऊस पडला सरासरीच्या १०२ टक्के. पाच वर्षांनी उलटा फटका बसला. २००२चा एल निनो बेताचा, खात्याचा अंदाज सर्वसाधारण पावसाचा. आणि जुलैचा पाऊस जवळपास निम्म्यावर आला. ऐन पेरणीच्या महिन्यात! मोसम ८१ टक्क्यांवर थांबला. अंदाजाचं जुनं सूत्र खात्याला बाजूला ठेवावं लागलं. माझ्या मते आपल्याकडच्या हवामानशास्त्राला या नामुष्कीने जेवढं शिकवलं, तेवढं कुठल्याच यशाने शिकवलं नाही.

उत्तरं दोन बाजूंनी आली. १९९९मध्ये साजी, यामागाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदी महासागराचंच एक दुखणं मांडलं: कधी त्याचा आफ्रिकेकडचा भाग तापतो आणि सुमात्राकडचा गारठतो. याला द्विध्रुव म्हणतात. तो असा अनुकूल झुकला तर एल निनोचा जाच हलका होऊ शकतो. १९९७मध्ये तो तसाच झुकला होता. दुसरं उत्तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या कृष्णकुमार आणि सहकाऱ्यांचं, २००६चं: प्रशांत किती तापला यापेक्षा कुठे तापला ते बघा. पेरूजवळच्या उबेपेक्षा मध्य प्रशांतातली ऊब आपल्याला जास्त नडते.

मग २०१९. जूनमध्ये देशात ३३ टक्के तूट, लोक टँकरच्या वाटेकडे डोळे लावून. ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली. हिंदी महासागराचा द्विध्रुव तेव्हा नोंदींतल्या सर्वांत तीव्र अवस्थांपैकी एकीकडे निघाला होता. मोसम ११० टक्क्यांवर गेला आणि पाऊस परतायचं नाव घेईना. माघार सुरू झाली ती थेट ९ ऑक्टोबरला. वर अरबी समुद्रात 'क्यार' आणि 'महा' ही वादळं पाठोपाठ. काढून ठेवलेल्या सोयाबीनला कोंब फुटले, नाशिककडच्या द्राक्षबागा भिजत राहिल्या. त्याच द्विध्रुवाने पूर्व आफ्रिकेला पुरात लोटलं आणि ऑस्ट्रेलियाला आगीआधीच्या कोरडेपणात. तेव्हा द्विध्रुव अनुकूल म्हणायचा तो कुणाला, हे विचारून घेतलेलं बरं.

२०२३मध्ये एल निनो परतला. द्विध्रुव मदतीला येईल अशी आशा होती. तो आला, पण उशिरा. ऑगस्टमध्ये पावसाने ३६ टक्क्यांची तूट दाखवली, १९०१पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट. सप्टेंबरने भर घातली आणि मोसम ९४ टक्क्यांवर टेकला. कागदावर हा आकडा फार वाईट दिसत नाही. पण जिथे सोयाबीन ऑगस्टमध्येच फुलाला आणि शेंगेला आलं होतं, तिथे सप्टेंबरच्या पावसाला भरून काढण्यासारखं थोडंच उरलं होतं.