वजनाच्या काट्यापुढे

ठोसा, लाथ, पकड आणि जमिनीवरील कुस्ती ह्या सर्वांना एकाच सामन्यात मुभा देणाऱ्या खेळास मिश्र युद्धकला म्हणतात. पाच पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या, अजिंक्यपदासाठी बहुधा पाच. तेवढा दम टिकावा म्हणून धावणे, दोरीवरच्या उड्या, वजने उचलणे, जोडीदाराशी झुंजणे अशी मेहनत चालते. आपल्या तालमीतील जोर-बैठका पाहिलेल्यांना तीत नवल वाटणार नाही.

खरा धोका असतो तो अखेरच्या आठवड्यात. ज्या वजनगटात लढायचे, त्याहून मल्ल एरवी बराच जड असतो. मग पाणी तोडायचे, कढत पाण्यात बसून घाम गाळायचा, आणि काट्यावरून उतरताच घटाघटा प्यायचे! रक्त दाट होते, हृदय व मूत्रपिंडे ह्यांवर भार पडतो. ह्याला बळ कमावणे कसे म्हणावे?

यांग जियान बिंग हा २१ वर्षांचा चिनी तरुण असेच वजन उतरवीत असता आजारी पडला आणि ११ डिसेंबर २०१५ रोजी मनिला येथे मरण पावला. तो ज्यांच्या सामन्यात उतरणार होता, त्या ‘वन चॅम्पियनशिप’ने पुढे वजनाबरोबर मूत्राची घनताही तपासण्यास आरंभ केला, शरीरातील पाणी आटले आहे की काय, हे त्या चाचणीने पाहायचे असते.

आपला मुलगा ह्या विद्येच्या नादी लागला असेल, तर पालकांनी वस्तादांना अवश्य विचारावे: तो किती वजनावर लढणार, आणि ते किती आठवड्यांत, कोणत्या उपायाने उतरविणार?