एक फळी, एक दोर

मोटारबोटीला बांधलेला दोर धरून पाण्यावरून घसरत जाणे म्हणजे वॉटर स्कीइंग. अमेरिकेत राल्फ सॅम्युएलसन याने १९२२ साली लेक पेपिन सरोवरावर ते साधले. त्यातील स्लॅलम प्रकारात दोन्ही पाय एकाच फळीवर, एकामागे एक असतात. बोट सरळ रेषेत जाते. खेळाडूने मात्र डावी-उजवीकडच्या सहा बोयांना वळसे घालायचे. दोर प्रथम १८.२५ मीटर असतो, पुढे आखूड होत जातो. बोया मध्यरेषेपासून ११.५ मीटर दूर. तेव्हा १०.२५ मीटरच्या दोराला उरलेले अंतर शरीर झुकवून, हात ताणूनच भरून काढावे लागते.

या कसबाइतकीच त्यातली शिस्त मला मोलाची वाटते. अंगात तरंगते जाकीट हवे. दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही. चालकाची नजर पुढे, मागे पाहायला दुसरा माणूस. खेळाडू पडला की बोट संथपणे वळवून त्याच्याजवळ आणायची आणि त्याला वर घेण्यापूर्वी इंजिन बंद करायचे, कारण पाण्याखालचा पंखा दिसत नाही.

आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. पोहता मात्र घरात कोणालाच येत नाही. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात सहलीला गेलेल्या तरुणांची नाव उलटली आणि त्यातले बरेच जण परतले नाहीत. स्लॅलमची फळी आपल्याला कदाचित कधी मिळणार नाही. जाकीट मात्र मागता येते. नावेत पाय ठेवण्यापूर्वी ते मागावे. नसेल, तर मित्र हसले तरी काठावरच थांबावे.