विठ्ठलाला जाब विचारणारा कर्ममेळा

देवावर चिडलेलं गाणं ऐकायचं असेल तर चौदाव्या शतकातल्या कर्ममेळ्याकडे जा. हा चोखामेळा आणि सोयराबाईंचा मुलगा. आईवडिलांच्या अभंगांत वेदना आहे, तक्रारही आहे. पण चोखोबा पुष्कळदा पूर्वजन्मीच्या कर्माकडे बोट दाखवून स्वतःची समजूत घालतात. मुलगा ती समजूत मान्य करत नाही. आम्हाला हीन जातीत घातलंस, उष्टं खाण्यात आयुष्य गेलं, तुला लाज कशी वाटत नाही, असं तो विठ्ठलाला तोंडावर विचारतो. आमच्या घरी दहीभात खाल्लास, मग आता नाही कसं म्हणतोस? मला हा प्रश्न सगळ्यात जबरदस्त वाटतो, कारण तो आपल्या घरी जेवून गेलेल्याला विचारलेला आहे.

जनाबाईही विठ्ठलाला शिव्या घालतात, पण त्यांच्या रागात लाडिकपणा आहे. कर्ममेळ्याच्या रागात तो मला दिसत नाही.

आणि उत्तर? चोखोबांची समाधी पंढरपुरात मंदिराबाहेर, महाद्वारापाशी आहे. दलितांसाठी मंदिराचं दार उघडलं ते 1947 मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. कर्ममेळ्याचे अभंग थोडेच उरलेत. सकल संतगाथेत मिळतील. जरूर वाचा.