फॉन्ट गेला तर मजकूर उरतो का?

'दिवाळी' हा शब्द संगणकात साठवण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत आधी द येतो, मग त्याची ऱ्हस्व वेलांटी, मग व, काना, ळ आणि दीर्घ वेलांटी. म्हणजे शब्द जसा उच्चारला जातो, त्याच क्रमाने. दुसऱ्या रीतीत वेलांटी आधी आणि द नंतर असतो, कारण कागदावर ती वेलांटी द च्या डावीकडे दिसते. छापून आल्यावर या दोन्हींत कोणालाही फरक कळत नाही. पण साधारणपणे १९९० ते २०१० या काळात मराठीत जे काही संगणकावर जुळवले गेले, त्यातले बहुतेक दुसऱ्या रीतीने साठवलेले आहे, आणि म्हणून ते आज असूनही नसल्यासारखे झाले आहे. हे कसे घडले आणि त्यातून काय वाचवता येईल, हे पाहण्यासाठी आपल्या टेबलावरच्या नेहमीच्या सॉफ्टवेअरकडेच थोडे बारकाईने पाहावे लागते.

खिळ्यांची पेटी संगणकात

निर्णयसागर छापखान्याच्या जावजी दादाजींनी राणोजी आरू यांच्यासारख्या कारागिराच्या साहाय्याने देवनागरीचे जे देखणे टाइप घडवले, त्या परंपरेत जुळारी अक्षरे उचलत नसे. तो खिळे उचलत असे. पूर्ण अक्षराचा खिळा वेगळा, अर्ध्याचा वेगळा, जोडाक्षराचा वेगळा. 'दि' जुळवताना वेलांटीचा खिळा आधी बसे आणि द चा नंतर. फर्मा छापून झाला की खिळे सुटे होऊन पुन्हा पेटीतल्या आपापल्या खणात जात. मजकूर उरे तो कागदावर. खिळ्यांनी मजकूर लक्षात ठेवावा, अशी कोणाची अपेक्षाही नव्हती.

१९८५ साली ऑल्डस या अमेरिकन कंपनीने पेजमेकर आणले आणि टेबलावर पानाची मांडणी करण्याचे युग सुरू झाले. हे सॉफ्टवेअर रोमन लिपीसाठी बनले होते. त्याच्या फॉन्टमध्ये जागा २५६, त्यातल्याही सगळ्या वापरता येत नसत. देवनागरीत मुळाक्षरे थोडी असली, तरी जोडाक्षरे धरली तर आकारांची संख्या कितीतरी पुढे जाते. मग आपल्याकडच्या फॉन्टकारांनी एक हुशार तोड काढली. अक्षरांचे तुकडे केले आणि ते रोमन अक्षरांच्या जागी बसवले. अर्धा ख आणि त्याचा दंड असे दोन तुकडे जोडले की पूर्ण ख. तोच दंड भ ला, ध ला, ण ला आणि काना म्हणूनही वापरायचा. म्हणजे खिळ्यांची पेटीच संगणकात आली.

याचा परिणाम पाहायचा असेल तर कृतीदेवमध्ये टाइप केलेला 'राम' हा शब्द निवडावा आणि फॉन्ट बदलून साधा इंग्रजी ठेवावा. पडद्यावर जे, के, ई ही तीन रोमन अक्षरे येतील. 'दिवा' चे एफ, एन, ओ, के असे होईल. संगणकाच्या लेखी तिथे मराठी कधी नव्हतीच. त्याने तीन-चार रोमन अक्षरे साठवली होती आणि फॉन्टने त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवला होता. श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी अशा प्रत्येक संचाचा मुखवटा निराळा. त्यामुळे एका कार्यालयातली फाईल दुसरीकडे नेली की तिच्यातून अगम्य चिन्हे बाहेर पडत, आणि फाईलबरोबर फॉन्टही पाठवण्याची पद्धत पडली.

ज्ञान होते, साधन नव्हते

देवनागरी कशी साठवावी हे आपल्याकडे ठाऊक नव्हते, असे मात्र नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट हे तंत्र अक्षरे उच्चाराच्या क्रमानेच साठवत असे. त्यामागची इस्की ही संकेतप्रणाली १९९१ साली भारतीय मानक म्हणून जाहीर झाली. युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच, आणि तिच्यातला देवनागरीचा विभाग इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर बेतलेला आहे. आज जगभरच्या फोनमध्ये देवनागरी ज्या तत्त्वावर चालते, त्याची मांडणी इथे झालेली आहे.

पण मुद्रकाला फॉन्ट हवा होता तो पेजमेकरमध्ये चालणारा, आणि पेजमेकरला इस्की कळत नव्हती. युनिकोडची देवनागरी विंडोजमध्ये आली ती विंडोज २००० पासून, र. कृ. जोशी यांनी रेखाटलेल्या मंगल या फॉन्टसह. त्यानंतरही पानाची मांडणी करणारे सॉफ्टवेअर मागेच राहिले. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्याचे पुढचे काम थांबल्याचे २००४ मध्ये जाहीर झाले. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची अधिकृत सोय झाली ती २०१२ च्या सीएस-६ या आवृत्तीत. म्हणजे युनिकोडमध्ये मराठी लिहिता येऊ लागली, पण त्याच मराठीचे पुस्तक सरळपणे लावता येत नव्हते, अशी बारा वर्षे गेली.

म्हणून जुन्या फॉन्टांना चिकटून राहिलेल्या डीटीपी ऑपरेटरला आळशी ठरवणे अन्यायाचे आहे. त्याच्याकडे वळणदार, छपाईत ठाशीव उठणारे शेकडो फॉन्ट होते, हातात बसलेला कळफलक होता आणि उद्या सकाळी फिल्म काढायची होती. युनिकोडकडे त्या वेळी मोजके फॉन्ट होते, आणि शेपटीचा ल व मराठी वळणाचा श त्यांत मिळेलच याची खात्री नव्हती. समोरचे काम ज्याने उत्तम होते ते त्याने वापरले. त्याची किंमत पुढच्यांना मोजावी लागणार होती, आणि ती पुस्तकाच्या पानावर दिसत नव्हती.

किंमत कोणती?

पहिली किंमत शोधण्याची. कादंबरीतल्या एका पात्राचे नाव सगळीकडे बदलायचे असेल तर जुन्या फॉन्टमध्ये ते भरवशाने होत नाही. सूची करायला बसलो तर याहून गंमत होते. अकारविल्हे लावा म्हटले की 'दिवाळी', 'किल्ला', 'विहीर' हे सारे शब्द एकत्र येतात, कारण संगणकाच्या दृष्टीने तिघांचेही पहिले अक्षर ऱ्हस्व वेलांटी आहे.

दुसरी किंमत दृष्टिहीन वाचकांनी मोजली. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर युनिकोडमधली मराठी वाचतात. जुन्या फॉन्टमधली कादंबरी त्यांना दिली तर ती 'राम' न म्हणता जे, के, ई म्हणतील. मजकूर संगणकावर असूनही ज्यांना त्याचा सर्वांत जास्त उपयोग झाला असता, त्यांच्यासाठी तो बंद राहिला.

तिसरी किंमत भाषेची. शब्दकोश, शुद्धलेखन तपासणी, यांत्रिक भाषांतर ही साधने आहे त्या मजकुरावर पोसली जातात. मराठीच्या वीस वर्षांतली कथा, समीक्षा, दिवाळी अंक, जिल्हा वृत्तपत्रे त्यांना दिसतच नाहीत. एका अर्थाने संगणकाला १९९५ ची मराठी १९१५ च्या मराठीइतकीच परकी आहे. दोन्ही त्याला छापील पान टिपूनच शिकाव्या लागतात.

यावर 'पुस्तक तर छापलेले आहे ना?' असे विचारले जाते. गाजलेल्या पुस्तकाला ते पुरते. पण ज्याची दुसरी आवृत्ती निघाली नाही ते पुस्तक, जो अंक तीन वर्षांत बंद पडला तो अंक, आणि जे छापलेच गेले नाही ते हस्तलिखित, यांच्या बाबतीत डिस्कवरची फाईल हाच कदाचित एकमेव पुरावा असतो. पीडीएफ आहे म्हणूनही निश्चिंत होऊ नये. तिच्यात पान जसेच्या तसे दिसते, पण आतला मजकूर जुन्या फॉन्टचा असेल तर नक्कल करून चिकटवताच तीच अगम्य चिन्हे येतात.

युनिकोडमध्येही सगळे आलबेल नाही

'ॲ' हे अक्षर घ्या. त्याला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत. त्याआधी कोणी अ वर चंद्र देत असे, तर कोणी हिंदी वळणाचा 'ऍ' वापरी. आजही तिन्ही चालू आहेत, आणि एक शोधले तर दुसरे सापडेल याची शाश्वती नाही. 'वऱ्हाड' मधला अर्धा र दोन निराळ्या प्रकारे टाइप होतो आणि दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. क्रमाचे म्हणाल तर युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर येतो. मराठी ओळखणारे सॉफ्टवेअर हा क्रम सुधारून घेते. न ओळखणारे तसाच ठेवते. हे दोष खरे आहेत, पण ते नियम लावून दुरुस्त करता येतात. जिथे मुळात मराठीच साठवलेली नाही, तिथे नियम लावायचा कशाला?

रोजच्या वापरातले चार शब्द

यावरून सॉफ्टवेअर जोखण्याची माझी कसोटी ठरत गेली आहे. ते किती सोयींनी भरलेले आहे यापेक्षा, ते उद्या नसेल तेव्हा माझा मजकूर मला परत मिळेल का, हे मी पाहतो. या कसोटीवर सर्वांत गरीब दिसणारे नोटपॅड पहिले येते. त्यातली साधी यूटीएफ-८ फाईल कोणत्याही यंत्रावर उघडते. मात्र विंडोजच्या २०१९ पूर्वीच्या आवृत्त्यांत ते आपणहून ॲन्सी पद्धत निवडत असे, आणि सूचनेकडे दुर्लक्ष केले तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उरे. वर्ड आणि लिब्रेऑफिस दोन्ही लेखनाला चांगली आहेत; मजकुराची भाषा 'मराठी' अशी निवडून ठेवावी, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे येतात. मुक्तासारखे सुबक, मुक्त परवान्याचे फॉन्ट आता मिळत असल्याने 'युनिकोड दिसायला वाईट' ही सबबही उरलेली नाही.

जुन्या फायलींसाठी मात्र घाई करायला हवी. पेजमेकरची फाईल थेट उघडण्याची सोय इनडिझाइनच्या सीएस-६ नंतर संपली. लिब्रेऑफिसमध्ये ४.४ या आवृत्तीपासून अशा फायली उघडता येतात. मांडणी विस्कटली तरी मजकूर हाती येऊ शकतो. अनेक जुने संच यंत्राला लावायच्या छोट्या कुलपाशिवाय चालत नाहीत. ते कुलूप बसेल असे यंत्र आणि ते चालवणारा ऑपरेटर, दोघेही आता निवृत्तीला आले आहेत. फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक मिळतात, पण कोणता फॉन्ट, हे आधी माहीत असावे लागते. सगळी फाईल एकदम फिरवली तर मजकुरातल्या खऱ्या इंग्रजी शब्दांचीही विचित्र देवनागरी होते. रफार आणि वेलांटी एकत्र आली की चुका हमखास होतात, म्हणून मुद्रितशोधन टळत नाही.

तेव्हा प्रकाशकांनी, संपादकांनी आणि लेखकांच्या वारसांनी एवढे तरी करावे. मूळ फाईलला हात न लावता तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. सोबत फॉन्टचे नाव आणि आवृत्ती लिहून ठेवावी. ही एक ओळ नसेल तर पुढच्या माणसाचे महिने जातात. छापील प्रत जवळ असू द्यावी, कारण परिवर्तन तपासायला दुसरा साक्षीदार नाही. आणि रूपांतर झाल्यावर साध्या मजकुराची एक प्रत वेगळी काढावी.

खिळ्यांच्या काळात पेटी रिकामी झाली तरी पान उरे. आपल्याकडे पेट्या भरलेल्या आहेत, आणि त्यातले कोणते खण कोणत्या अक्षराचे हे सांगणारी माणसे अजून आहेत. त्यांना विचारून घेण्याचे काम या पाच-दहा वर्षांतलेच आहे.