हादरा, रक्त आणि धुराडं

विज्ञानाच्या वार्षिक आढाव्यात जिनिव्हा, बोस्टन, सोल अशी नावं येतात; धुंदलवाडी सहसा येत नाही. तरीही भूभौतिकी, जनुकशास्त्र आणि स्वच्छ ऊर्जा या तिन्ही क्षेत्रांत सध्या काय चाललंय ते एकाच टापूत पाहायचं, तर पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरीइतकी सोयीची जागा मिळणं कठीण. इथली जमीन 2018 पासून थरथरते आहे, पाड्यापाड्यांत सिकलसेल आहे आणि खाडीकाठी कोळशावर चालणारं वीजकेंद्र उभं आहे. तिन्हींवर बरंच संशोधन झालं. त्याची बातमी झाली ती कुणी काही दावा केला तेव्हा. मोजणी मात्र त्यानंतरही चालू राहिली, आणि हाताला जे लागलं ते त्या मोजणीतूनच.

जमिनीखाली काय चाललंय?

नोव्हेंबर 2018 मध्ये धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी या भागात हादरे सुरू झाले. आधी जमिनीतून गडगडाट, मग भांड्यांचा खणखणाट. 1 फेब्रुवारी 2019 ला एका दिवसात अनेक धक्के बसले. त्यातला मोठा चारच्या किंचित वर होता. त्या पळापळीत एका चिमुरडीचा जीव गेला. लोक थंडीत अंगणात आणि तंबूत झोपू लागले. कुणी धरणाकडे बोट दाखवलं, कुणी ज्वालामुखीची आवई उठवली.

हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था आणि दिल्लीचं राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्र यांनी मग गावातच भूकंपमापक बसवले. दूरच्या यंत्रांवर इतके लहान धक्के नीट उमटत नाहीत, हे एक कारण. दुसरं कारण खोलीचं. भूकंपाच्या दोन लहरी निघतात. पहिली वेगवान, दुसरी तिच्या मागून येणारी आणि जास्त हलवणारी. दोहोंमधल्या सेकंदांना ढोबळमानाने आठाने गुणलं की केंद्र किती किलोमीटरवर आहे ते कळतं. तीन ठिकाणची अंतरं जुळवली की जागा सापडते. पण केंद्र किती खोल आहे हे ठरवायला यंत्र जवळपास त्याच्या डोक्यावरच हवं. धुंदलवाडीत यंत्रं बसली तेव्हा केंद्रं उथळ असल्याचं स्पष्ट झालं. साडेतीनचा धक्काही इथे भिंतीला तडे का पाडतो, याचं उत्तर तिथेच आहे.

शास्त्रज्ञ या प्रकाराला भूकंपमालिका म्हणतात. एक मोठा धक्का आणि मग ओसरत जाणारे छोटे, असा नेहमीचा क्रम इथे नाही. शेकडो लहान धक्के येतात, महिनोन्‌महिने थांबतात, पुन्हा येतात. ज्वालामुखीचा यात काही संबंध नाही. इथला काळा कातळ लाव्ह्याचाच, पण तो लाव्हा सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी थिजला. संशोधकांनी पुढे मांडलेलं प्रमुख स्पष्टीकरण पाण्याचं आहे. पावसाचं पाणी कातळाच्या भेगांतून खोल मुरतं, भेगांमधला दाब वाढतो, दोन बाजूंचं घर्षण कमी होतं आणि आधीपासून ताणलेला खडक सरकतो. मालिका पावसाळ्यानंतर सुरू झाली, हे या तर्काला धरून आहे. उपग्रहाच्या रडारने जमिनीची पातळी मोजणारे अभ्यासही झाले. वाद पूर्ण मिटलेला नाही.

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप 6.3 चा होता. मापनात एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पट होते. या हिशेबाने कोयनेचा धक्का डहाणूच्या 4.1 च्या धक्क्यापेक्षा जवळपास दोन हजार पट मोठा. कोयनेचं कोडं उलगडण्यासाठी गोठणे इथे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं गेलं आणि कराडला त्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळा उभी राहिली. डहाणूच्या वाट्याला इतकं आलेलं नाही.

इथे एक गोष्ट मात्र ताबडतोब उपयोगी पडणारी आहे. कारवीच्या कुडाला शेणमातीने लिंपलेली वारली घराची भिंत हलकी आणि लवचीक असते, ती डोलते. विटा एकावर एक रचून, कोपऱ्यात खांब आणि वर पट्टा न देता बांधलेली नवी खोली तडकते. घरकुलाच्या आराखड्यात कोपऱ्याचे खांब आणि दाराखिडक्यांवरचा सलग पट्टा सक्तीचा करायला कुठल्याही नव्या शोधाची गरज नाही.

मधेच एक दगड

दावा आणि मोजणी यांतला फरक जगाने जुलै 2023 मध्ये पाहिला. दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी एलके-99 नावाचा पदार्थ घरातल्या तापमानाला अतिवाहक होतो असं जाहीर केलं. अतिवाहकात वीज विरोधाशिवाय वाहते. हे साध्या तापमानाला जमलं तर वीजवहनातली गळती संपेल. चुंबकावर अर्धवट उचललेल्या काळ्या खड्याचा व्हिडिओ जगभर फिरला. काही आठवड्यांत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेकांनी तो पदार्थ बनवून तपासला. अतिवाहकता सापडली नाही. विरोध अचानक घसरत होता तो भेसळीतल्या कॉपर सल्फाइडमुळे.

याउलट मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. एस. रामकृष्णन यांच्या गटाने शुद्ध बिस्मथ थंड करत नेला आणि निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या 0.53 मिलिकेल्विनला तो अतिवाहक होतो हे दाखवलं. त्या तापमानाला त्याचा व्यवहारात काही उपयोग नाही. पण ज्या धातूत वीज वाहणारे इलेक्ट्रॉन इतके कमी, तो प्रस्थापित सिद्धांतात बसत नाही, त्यामुळे सिद्धांत मांडणाऱ्यांना पुन्हा कागद-पेन्सिल घ्यावी लागली. 2016 च्या अखेरीस 'सायन्स'मध्ये आलेला तो निबंध अजून टिकून आहे.

रक्तातलं एक अक्षर

सिकलसेल म्हणजे हिमोग्लोबिनच्या जनुकातल्या एका अक्षराचा बदल. त्यामुळे प्राणवायू कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, सांध्यांत आणि पोटात असह्य कळा येतात. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला सहसा त्रास नसतो, उलट जीवघेण्या मलेरियापासून थोडं संरक्षणच मिळतं. मलेरियाच्या पट्ट्यात हे अक्षर टिकून राहिलं ते यामुळे.

2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्रावर आधारित पहिलं औषध, कॅसजेव्ही, मंजूर केलं. ते बिघडलेलं अक्षर दुरुस्त करत नाही. जन्मानंतर बंद होणारं गर्भातलं हिमोग्लोबिन ते पुन्हा सुरू करतं. इथेच आपल्याकडच्या संशोधनाचा धागा जुळतो: पश्चिम भारतातल्या आदिवासींमध्ये आढळणाऱ्या सिकलसेलच्या प्रकारात हे गर्भातलं हिमोग्लोबिन मुळातच जास्त असतं. आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा इथल्या अनेकांचा आजार सौम्य राहतो तो त्यामुळे. सगळ्यांचा नव्हे, काहींचे हाल तितकेच होतात.

त्या औषधाची अमेरिकेतली किंमत सुमारे 22 लाख डॉलर. डहाणूच्या पाड्यासाठी ते नसल्यातच जमा. इथे उपयोगी पडते ती बोटाच्या टोकावरून घेतलेल्या रक्ताची तपासणी. नळीतल्या द्रावणात थेंब टाकायचा. मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसल्या तर ठीक. द्रावण गढूळ होऊन रेघा झाकल्या तर पुढची तपासणी. वाहक की रुग्ण हे या नळीला सांगता येत नाही, आणि काही महिन्यांच्या बाळात गर्भातल्या हिमोग्लोबिनमुळे ती फसते. म्हणून दुसरी, यंत्रावरची तपासणी लागतेच. रुग्ण ठरला तर हायड्रॉक्सियुरियाची रोजची गोळी.

जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचं लक्ष्य सात कोटी लोकांच्या तपासणीचं आहे. डहाणूत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रही आहे. अडचण असते दोन तपासण्यांमधल्या दिवसांत. भातकापणी आणि दिवाळी उरकली की कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर किंवा गुजरातेत कामाला जातात. निकालाचं कार्ड गावी येतं तेव्हा घराला कडी असते. तपासलेल्यांच्या आकड्यांशेजारी निकाल हाती पडलेल्यांचा आकडा छापला, तर मोहिमेचं खरं माप कळेल.

धुराड्यातला गंधक

20 जून 1991 ला केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. 500 मेगावॉटचं औष्णिक वीजकेंद्र त्यानंतर, 1995 मध्ये सुरू झालं. 31 ऑक्टोबर 1996 ला सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणवादी बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर निकाल दिला आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण आलं. चिकूच्या बागायतदारांची तक्रार, मच्छीमारांची तक्रार, कंपनीचा खुलासा, सगळं त्याच्यापुढे मांडलं जाऊ लागलं. धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवा, हा प्राधिकरणाचा आग्रह होता. 2007 मध्ये ती बसली.

तिची युक्ती साधी आहे. समुद्राचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं. धुरावर ते फवारलं की सल्फर डायऑक्साइड त्यात विरघळतो, हवा घातली की त्याचं सल्फेट होतं, आणि सल्फेट समुद्रात मुळातच भरपूर आहे. देशभरासाठी असे नियम 2015 मध्ये आले, मुदती पुढे पुढे गेल्या आणि जुलै 2025 मध्ये बहुतेक केंद्रांना यंत्रणेतून सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी आणि हवेतलं त्याचं प्रमाण मर्यादेत, हा सरकारचा आधार. पण हा वायू हवेत पुढे बारीक कणांत बदलतो आणि शेकडो किलोमीटर जातो. मोजणी धुराड्याच्या पायथ्याशी करायची की वाऱ्याच्या दिशेने पुढे, यावर निष्कर्ष बदलतो. आणि गंधक काढला तरी कार्बन डायऑक्साइड तसाच राहतो, हेही विसरता येत नाही.

मोजणी कुठे करायची आणि तिच्यात काय धरायचं, हा प्रश्न इतर ऊर्जांनाही लागू आहे. अमेरिकेत 5 डिसेंबर 2022 ला लेसरने 2.05 मेगाज्यूल देऊन अणूंच्या संमीलनातून 3.15 मेगाज्यूल मिळवले. लेसर पेटवायलाच सुमारे 300 मेगाज्यूल वीज लागली, हे मथळ्यात आलं नाही. शेजारच्या तारापूरच्या अणुवीजकेंद्रातून 1969 पासून धुराविना वीज येते. तिच्या विस्ताराच्या हिशेबात अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांचं विस्थापन धरावं लागतं. आता डहाणूच्याच किनाऱ्यावरच्या नियोजित वाढवण बंदराला जून 2024 मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आहे, 76,220 कोटींची. किनारा, मासळी आणि गाळ यांची पुढची मोजणी कोण करणार आणि कुणाला दाखवणार, हा त्यातला वैज्ञानिक प्रश्न आहे.

डहाणू आणि तलासरी हे पूर्ण पेसा तालुके आहेत, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा इथे पूर्ण लागू आहे. भूकंपमापकाची आठवड्याची नोंद, सिकलसेलच्या पोचलेल्या निकालांची संख्या (नावं नकोत) आणि धुराड्यातल्या वायूंचे आकडे मराठीत ग्रामसभेपुढे येऊ लागले, तर अफवेला जागा उरणार नाही आणि अधिकाऱ्यालाही मोघम बोलता येणार नाही. आकडे आधीच घेतले जातात. ज्यांच्या जमिनीवर आणि रक्तात ते मोजले, त्यांनाच ते सर्वांत उशिरा का कळावेत?