वातध्वनी, मोटारगाडीतील
मोटारगाडी वेगाने जात असता तिच्याभोवतीच्या हवेच्या प्रवाहामुळे निर्माण होणारा व आतील प्रवाशांना ऐकू येणारा आवाज. याचा मोठा भाग समोरची वातरोधक काच (विंडशील्ड), तिच्या दोन्ही बाजूंचे खांब, वायपर, बाजूचे आरसे व दारांच्या रबरी पट्ट्या यांच्या परिसरात उत्पन्न होतो. शहरातील वेगाला एंजिन व टायर यांचा आवाज प्रमुख असतो. ताशी सुमारे १०० किमी. च्या पुढे बहुतेक गाड्यांत वातध्वनी वरचढ ठरतो. विजेवर चालणाऱ्या गाडीत एंजिनाचा आवाज नसल्याने तो अधिक लवकर जाणवतो. काही प्रमाणात हा आवाज अटळ आहे; परंतु नव्याने सुरू झालेला किंवा काच बदलल्यानंतर उद्‌भवलेला आवाज हे दोषाचे लक्षण समजावे.

कारणे : स्थूलमानाने तीन कारणे आहेत. (१) प्रवाहाचा विच्छेद : काचेवरून बाजूस वळणारी हवा खांबाच्या कडेशी पृष्ठभागापासून सुटते व तिचे शंक्वाकार भोवरे बाजूच्या काचेवर आदळतात. यामुळे घोंघावणारा, ठराविक स्वर नसलेला आवाज होतो. (२) गळती : खांबाजवळ हवेचा वेग वाढून दाब घटतो. त्यामुळे दाराची चौकट किंचित बाहेर ओढली जाते आणि पट्टी सैल असल्यास आतील हवा फटीतून बाहेर शोषली जाते. काचेच्या खालच्या कडेशी मात्र दाब जास्त असतो व तेथील फटीतून हवा आत शिरते. या आवाजाचे स्वरूप सुसकाऱ्यासारखे किंवा शिटीसारखे असते. (३) स्वर व फडफड : एरियलसारख्या दंडगोल वस्तूमागे भोवरे एकाआड एक सुटतात. त्यांची कंप्रता हवेच्या वेगाला व्यासाने भागून येणाऱ्या संख्येच्या सुमारे एकपंचमांश असते, हे १८७८ मध्ये स्ट्रोहाल यांच्या प्रयोगांतून पुढे आले. ताशी ९० किमी. वेगाला ५ मिमी. जाडीच्या एरियलचा स्वर यानुसार सुमारे १,००० हर्ट्‌झचा येतो. काचेभोवतीची सुटलेली पट्टी मात्र फडफडते.

वेगाचा परिणाम : लाइटहिल यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या वायुध्वनीच्या सिद्धांताचा कर्ल यांनी १९५५ मध्ये घन पृष्ठभागांपर्यंत विस्तार केला. त्यानुसार अशा पृष्ठभागांवरील प्रवाहाच्या ध्वनीची शक्ती वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. येथे वेग हा रस्त्याच्या नव्हे, तर हवेच्या सापेक्ष घ्यावयाचा असतो. रत्नागिरीहून कोल्हापूर, मिरज या मार्गे सोलापूरला येणारा राष्ट्रीय महामार्ग क्र. १६६ मंगळवेढ्यावरून जातो. सोलापूर, मंगळवेढे व सांगोले यांमधील त्याची दिशा साधारणपणे पूर्व-पश्चिम आहे. भोवती ज्वारीचे सपाट, उघडे काळे रान असल्याने पावसाळ्यातील पश्चिमेकडील वाऱ्याला आडोसा नाही. वारा ताशी २० किमी. व गाडीचा वेग ताशी ८० किमी. धरल्यास सांगोल्याकडे जाताना हवेचा सापेक्ष वेग १०० किमी., तर सोलापूरकडे जाताना ६० किमी. होतो. या दोहोंतील ध्वनिपातळीचा फरक सुमारे १३ डेसिबेल येतो. १० डेसिबेलची वाढ कानाला साधारण दुप्पट वाटते. म्हणून मालकाने केलेली तक्रार कारागिराला परतीच्या वाटेवर पटत नाही, असे घडू शकते. चाचणी दोन्ही दिशांनी घेणे आवश्यक आहे.

निदान : चाचणीच्या वेळी एकाने गाडी स्थिर वेगाने चालवावी व दुसऱ्याने आवाजाची जागा शोधावी. काचेच्या कडा, दारांच्या फटी व आरशांचे सांधे यांवर कागदी चिकटपट्टी लावून गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर न्यावी. आवाज थांबल्यास एकेका ठिकाणची पट्टी काढून पाहावे. जी काढताच आवाज परत येतो तेथे दोष असतो. पट्टीने दृष्टी व वायपर अडू नयेत. उभ्या गाडीत कागदाचा तुकडा दारात धरून दार लावावे. तो सहज ओढला गेल्यास त्या जागी रबराचा दाब अपुरा असतो. सर्व काचा बंद करून पंखा बाहेरची हवा घेईल असा पूर्ण वेगाने सुरू ठेवावा व काचेच्या कडेला साबणाचे पाणी लावावे. गळतीच्या जागी बुडबुडे येतात. पाण्याची मंद धार खालून वर नेऊनही फट सापडते. काही ठिकाणी गाडीत श्राव्यातीत ध्वनीचा प्रेषक ठेवून बाहेरून ग्राहकाने गळती शोधतात. पुणे येथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत (स्थापना १९६६) वाहनांचा ध्वनी व कंपने यांची शास्त्रशुद्ध मोजणी होते.

दुरुस्ती : सुटलेली पट्टी पक्की बसवितात किंवा बदलतात. दाराच्या रबरात (बीडिंग) धूळ साचल्यास ते साबणाच्या पाण्याने धुऊन त्यावर सिलिकोनयुक्त वंगण लावतात. उन्हाने कडक झालेले किंवा चेपलेले रबर बदलावे लागते. दार बाहेर राहत असल्यास बिजागरी व कुलपाची अडणी जुळवितात. एरियलभोवती मळसूत्री वेढे असल्यास भोवऱ्यांचा क्रम मोडून स्वर थांबतो.

काचेच्या कडेतील गळती मात्र वरून लांबी किंवा सिलिकोन भरून झाकू नये. आधुनिक गाडीत काच पॉलियुरेथेन आसंजकाने सांगाड्याला चिकटविलेली असते. ती सांगाड्याच्या दृढतेस हातभार लावते आणि अनेक गाड्यांत अपघातसमयी फुगणाऱ्या प्रवासी बाजूच्या हवापिशवीला आधार देते. आसंजक सुटले असल्यास अपघातात काच निखळू शकते. शिवाय आत शिरणाऱ्या पाण्याने चौकट गंजते. सिलिकोनच्या थरावर पॉलियुरेथेन नीट धरत नाही, त्यामुळे पुढील योग्य दुरुस्तीही अवघड होते. अशा वेळी काच काढून, चौकट घासून, धूळ पूर्णपणे पुसून, प्राथमिक लेप देऊन ती पुन्हा बसवावी लागते. एकघटकी आसंजक हवेतील बाष्पाने घट्ट होते. म्हणून मंगळवेढ्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशातील कोरड्या हवेत त्याला अधिक वेळ लागू शकतो. उत्पादकाने तापमान व आर्द्रता यांनुसार दिलेला कालावधी उलटण्यापूर्वी गाडी रस्त्यावर आणणे धोक्याचे असते.