भाड्याची खोली आणि घरपट्टी

जून महिना तोंडावर आला की खेड्यापाड्यांतून दोन गोष्टींची धांदल सुरू होते. एक पेरणीची, आणि दुसरी बदलून आलेल्या शिक्षकांच्या बिऱ्हाडांची. शाळेला जोडून राहण्याची जागा बहुधा नसतेच. मग कुणाच्या तरी जुन्या वाड्याचा कोपरा शोधावा लागतो. कुठे ओसरीला विटांची भिंत घालून खोली काढलेली असते, कुठे गुरे विकली गेल्यावर रिकाम्या गोठ्यात फरशी बसवून, मोरी काढून बिऱ्हाडाची सोय केलेली असते, तर कुठे माडीला बाहेरून लोखंडी जिना लावून ती वेगळी केलेली असते. भाडे ठरते, अनामत ठरते, विजेच्या मीटरचे ठरते. घरपट्टीचे मात्र कुणी काढत नाही. पुढे फेब्रुवारी-मार्चात वसुलीची घाई होते, ग्रामपंचायतीचा शिपाई बिल घेऊन दारात उभा राहतो, आणि त्या दिवसापासून मालक आणि भाडेकरू यांची बोलाचाली सुरू होते.

मालक म्हणतो, "गुरुजी, राहता तुम्ही, गावचे दिवे-गटार वापरता तुम्ही, तेव्हा पट्टी तुम्हीच भरायची." गुरुजी म्हणतात, "अण्णा, घर तुमचं. मी महिन्याच्या महिन्याला भाडं मोजतोच की!" दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटता मिटत नाही.

घरपट्टी हा माणसावरचा कर नाही, तो इमारतीवरचा कर आहे. आपल्या राज्यात ग्रामपंचायतीला तो बसवण्याचा अधिकार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ ने दिला आहे. तो वसूल कुणाकडून करायचा, याविषयी कायद्यात दोन शब्द आहेत : मालक किंवा भोगवटादार. भोगवटादार म्हणजे जो प्रत्यक्ष त्या घरात राहतो, ते वापरतो, तो. मग तो भाडे देवो वा फुकट राहो. म्हणजे कायद्याने पंचायतीला दोन्ही दारे उघडी ठेवली आहेत. मालक परगावी मुलाकडे जाऊन बसला म्हणून गावचा कर बुडू नये, हा त्यातला हेतू.

इथेच एक गोष्ट ध्यानात धरली पाहिजे. पंचायत आणि घर यांचा एक व्यवहार असतो, आणि मालक आणि भाडेकरू यांचा दुसरा. "पट्टी अण्णांनी भरायची असं आमचं ठरलंय," हे तुम्ही ग्रामपंचायतीला सांगितलेत तर ती म्हणेल, "ठरलं असेल, पण ते तुम्हां दोघांत." तुमचा आपसातला करार तिला बांधत नाही. पण याचा अर्थ तो करार निरुपयोगी आहे असा मात्र नाही. पंचायतीने पैसे कुणाकडूनही घेतले, तरी शेवटी ते कुणाच्या खिशातून जायचे, हे त्या कराराने ठरते.

शहरात हीच गोष्ट जास्त उलगडून लिहिलेली आहे. महानगरपालिकांचा १९४९ चा अधिनियम आणि मुंबईचा १८८८ चा अधिनियम दोन्ही सांगतात की, जागा भाड्याने दिली असेल तर मालमत्ता कराची पहिली जबाबदारी भाड्याने देणाऱ्यावर. मुंबईच्या कायद्यात पुढे असेही आहे की, त्याने भरला नाही तर राहणाऱ्याला बिल देता येते. पण एक वर्षापलीकडची थकबाकी त्याच्याकडून वसूल करता येत नाही, आणि तो ज्या काळात त्या जागेत राहत नव्हता त्या काळाचीही नाही. मला ही तरतूद फार शहाणपणाची वाटते. खेड्यात शिपाई आधीच्या बिऱ्हाडाची तीन वर्षांची बाकी नव्या गुरुजींपुढे ठेवतो, तेव्हा ही वाटणी आठवावी. करारात काहीच ठरले नसेल, तर पट्टी भाड्यातच धरली आहे आणि ती मालकाची आहे, असे समजणे मला रास्त वाटते.

आता समजा, मालकाने पट्टी भरलीच नाही. ग्रामपंचायतीची वसुली पायरीपायरीने चालते. आधी बिल, मग मागणीची नोटीस, आणि तरीही पैसे आले नाहीत तर जंगम मालमत्तेची जप्ती. आपल्या सायकलीवर ही पाळी येऊ नये म्हणून गुरुजींनी मालकाची पट्टी स्वतःच भरून टाकली. मग हे पैसे गेले का?

नाही, गेले नाहीत. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ६९ असे आहे की, जे पैसे देणे कायद्याने दुसऱ्यावर बंधनकारक आहे, पण ते दिले जाण्यात आपले हित गुंतले आहे म्हणून आपण दिले, तर ते त्या दुसऱ्याकडून परत मिळण्याचा आपल्याला हक्क आहे. कायदा करणाऱ्यांनी या कलमाखाली उदाहरणही असेच दिले आहे. बंगालमध्ये एका जमीनदाराकडून एकाने जमीन पट्ट्याने घेतली होती. जमीनदाराने सरकारी सारा थकवला आणि जमीन लिलावाला निघाली. लिलाव झाला तर आपला पट्टाही रद्द होणार, म्हणून पट्टेदाराने तो सारा भरला. आता जमीनदाराने ती रक्कम त्याला भरून दिली पाहिजे. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा तर त्याहून सोपी वाट दाखवतो. कलम १०८ मध्ये म्हटले आहे की, मालकाने जे देणे द्यायला हवे होते आणि जे न दिल्यास भाडेकरूकडून वसूल होऊ शकते, ते भाडेकरूने भरावे आणि व्याजासह भाड्यातून वळते करून घ्यावे. पुढच्या महिन्याच्या भाड्यातून तेवढी रक्कम कापून बाकीची द्यायची. त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. मात्र कापण्यापूर्वी मालकाला एक चिठ्ठी लिहावी, आणि पावती सांभाळून ठेवावी. तोंडी कापाकापीतून भांडणे उद्भवतात.

पावतीवरून आठवले. खेड्यात मालक पट्टीबद्दल बोलायला का कचरतो, याचे खरे कारण पुष्कळदा पैसा नसतो. ते असते भीती. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, दोन रकाने असतात. एक मालकाच्या नावाचा आणि एक भोगवटादाराच्या नावाचा. दुसऱ्या रकान्यात गुरुजींचे नाव चढले आणि पावत्या त्यांच्याजवळ साठल्या, की घर हातचे गेले असे मालकाला वाटते. ही भीती हवेतून आलेली नाही. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांच्या गोष्टी अजून घराघरांत सांगितल्या जातात. सातबाऱ्यावर नाव लागले, पावती हाती आली, आणि कसणारा जमिनीचा धनी झाला, हे आपल्या वाडवडिलांनी डोळ्यांनी पाहिले. कसणाऱ्याला न्याय मिळाला तो योग्यच. पण त्या आठवणीने घराच्या भाडेकरूलाही लोक "कूळ" म्हणू लागले, आणि शब्दाबरोबर धास्तीही चिकटली.

कूळकायदा शेतजमिनीचा आहे. राहत्या खोलीला तो लागू नाही. घरपट्टीची पावती किंवा नमुना ८ ची नोंद हा मालकी हक्काचा पुरावा नव्हे, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. ती नोंद कर कुणाकडे मागायचा एवढ्यापुरती असते. शिवाय, ज्याने एखाद्याला मालक मानून त्याच्याकडून जागा भाड्याने घेतली, त्याला त्या भाडेपट्ट्याच्या काळात "हा सुरुवातीपासून मालक नव्हताच" असे म्हणता येत नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हा नियम होता, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या कायद्यातही तो आहे. उलट, भाड्याची पावती आणि करार यांवर गुरुजींनी "भाडेकरू" म्हणून सही केली, की मालकाची बाजू अधिक बळकट होते. कागद नसला की धोका, कागद असला की निर्धास्त. पण नेमकी ही गोष्ट पटवून देताना घाम फुटतो!

नमुना ८ ला एवढे महत्त्व येण्याचे आणखी एक कारण आहे. गावठाणातल्या कितीतरी घरांना मालकीचा दुसरा कागदच नव्हता. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणाची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेतले गेले. ज्यांच्या हाती ती आली आहे, त्यांनी तरी नमुना ८ ची धास्ती बाळगू नये.

आता वाड्याकडे वळू. आजोबांच्या नावाची एकच नोंद, तीन भाऊ वेगळे राहणारे, आणि मधल्या भावाने आपल्या वाटणीच्या गोठ्याची खोली करून भाड्याने दिलेली. बिल येते सगळ्या वाड्याचे एकत्र. समजा ते वर्षाला २४०० रुपयांचे आहे आणि खोलीचे क्षेत्र वाड्याच्या चौथ्या हिश्श्याचे आहे. मग खोलीची पट्टी ६०० रुपये, म्हणजे महिना ५० रुपये. गुरुजी जूनपासून राहायला आले, वर्ष मार्चला संपते, तेव्हा पहिल्या वर्षी त्यांच्याकडे दहा महिन्यांचे ५०० रुपये निघतात. तेही, पट्टी भाडेकरूने भरायची असे ठरले असेल तरच. एवढ्या थोड्या रकमेवरून वर्षभर एकमेकांशी न बोलणारे शेजारी आपण सगळ्यांनीच पाहिले असतील.

पण एकत्र नोंदीचा खरा काच भावाभावांना बसतो. पंचायतीचे बिल रीतसर मिळून तीन महिन्यांत ते भरले नाही, तर त्या माणसाला ग्रामपंचायतीचा सदस्य होता किंवा राहता येत नाही, असे कलम १४ सांगते. आणि अविभक्त कुटुंबातल्या एकाने थकवले, तर ती अपात्रता कुटुंबातल्या सर्वांना लागू होते. म्हणजे मधल्याने भाडे खिशात घातले, पट्टी भरली नाही, आणि थोरल्याचे सदस्यपद गेले! वाटणी झाली असेल, तर ग्रामसेवकांकडे, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, वाटणीचा कागद जोडून अर्ज द्यावा आणि आकारणीच्या नोंदी वेगळ्या करून घ्याव्यात.

गोठ्याची खोली केल्यावर पट्टी वाढते का? वाढू शकते. २०१५ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार ग्रामपंचायतीची घरपट्टी इमारतीच्या भांडवली मूल्यावर बसते. क्षेत्रफळ, बांधकाम मातीचे आहे की सिमेंटचे, इमारत किती जुनी आहे आणि तिचा वापर कशासाठी होतो, हे सगळे त्यात येते. मातीच्या भिंती जाऊन पक्क्या भिंती आल्या की मूल्य वाढते. पण केवळ भाड्याने दिली म्हणून राहती खोली दुकान होत नाही. तिचा वापर राहण्याचाच राहतो. त्याच खोलीत पिठाची गिरणी घातली, तर गोष्ट वेगळी. शहरात मात्र भाड्याने देण्याचाही परिणाम होऊ शकतो. पुण्यात स्वतः राहणाऱ्या घरमालकाला मालमत्ता करात ४० टक्के सवलत असते. मधल्या काळात ती काढून घेतली गेली होती, २०२३ मध्ये ती पुन्हा मिळाली. घर भाड्याने दिले की ती सवलत नाही.

वाढलेला कर भाडेकरूवर टाकता येतो का, हाही प्रश्न नेहमी विचारला जातो. जिथे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे, तिथे कर नव्याने बसला किंवा वाढला तर मालकाला तेवढेच भाडे वाढवता येते. जितका कर वाढला तितकेच, त्यावर एक रुपयाही नाही. त्याच कायद्याने भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणी ही मालकाची जबाबदारी आहे. "अकरा महिन्यांचा कागद आहे, नोंदवायला नको," असे जे सर्रास सांगितले जाते, ते त्या भागापुरते चूक आहे. सगळी खेडी या कायद्याखाली येत नाहीत. तिथे करार हाच आधार, म्हणून तो नीट लिहावा.

लिहायचे तरी काय? फार नाही. घरपट्टी कोण भरणार, पाणीपट्टी कोण भरणार (नळ वापरणाऱ्याने ती भरावी हे बरे दिसते), वाढ झाली तर ती कुणी सोसायची, आणि गुरुजी राहायला येण्यापूर्वीची बाकी मालकाचीच. एवढ्या चार ओळी दोन प्रतींवर, दोघांच्या सह्यांनी. शिक्षकबंधूंना या कागदाचा आणखी उपयोग आहे. मुख्यालयी राहण्याचा किंवा घरभाडे भत्त्याचा प्रश्न निघाला, की करार आणि भाड्याच्या पावत्याच कामी येतात. मालक पावती देत नसेल, तर भाडे बँकेतून द्यावे.

ग्रामपंचायत आकारणीची यादी दर चार वर्षांनी नव्याने करते, ती चावडीवर लावते आणि हरकती मागवते. ती लागली की मालकाने आणि भाडेकरूने, दोघांनीही एकदा वाचून पाहावी. खोलीचे माप चुकले असेल, तर तेव्हाच लेखी हरकत घ्यावी; तिथे दाद लागली नाही तर पंचायत समितीकडे अपील करता येते. आणि बदली होऊन खोली सोडताना, अनामत मोजून घेण्यापूर्वी, त्या वर्षीच्या नमुना १० च्या पावतीची एक प्रत मालकाच्या हाती द्यावी, एक आपल्या ट्रंकेत ठेवावी, आणि भोगवटादाराच्या रकान्यात नाव लागले असेल तर ते काढण्याचा अर्ज त्याच दिवशी देऊन मगच एसटी गाठावी.